सायनस लिफ्ट आणि त्यातली गुंतागुंत : पुणेकर रुग्णांचे वारंवार येणारे प्रश्न

वरच्या दाढांच्या जागी इम्प्लांट (हाडात रोवलेलं दाताचं कृत्रिम मूळ) बसवण्याआधी सायनस लिफ्ट करावी लागेल असं कळलं की लोक घरी जातात, मोबाईलवर शोधतात आणि रात्री उशिरा प्रश्न पाठवतात. काहींचे प्रश्न ऑपरेशन झाल्यानंतर येतात, ते जास्त घाबरलेले असतात. पुण्यात दातांच्या शस्त्रक्रिया करताना माझ्याकडे पुन्हापुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्र वाचता येईल. जिथे दोन विषय एकमेकांत शिरतात तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सायनस लिफ्टमध्ये नेमकं काय करतात? हे नाकाचं ऑपरेशन असतं का?

नाही, पण नाकाच्या शेजारचं आहे. वरच्या जबड्याच्या हाडाच्या आत, गालामागे, दाढांच्या अगदी वर एक हवेची पोकळी असते, ती म्हणजे मॅक्सिलरी सायनस. दाढ काढल्यानंतर खालचं हाड झिजत जातं आणि वरची पोकळी हळूहळू खाली पसरते. काही वर्षांनी दोघांच्या मध्ये जेमतेम २-३ मिमी हाड उरतं आणि त्यात इम्प्लांट रुतत नाही. मग सायनसचं अस्तर हलक्या हाताने वर उचलून त्याखाली हाडाची पावडर भरतात. कालांतराने तिथे रुग्णाचं स्वतःचं हाड तयार होतं.

हे दोन मार्गांनी करतात. गालाच्या आतल्या बाजूने हाडाला छोटी खिडकी पाडून केलेली लिफ्ट १९८० मध्ये बॉइन आणि जेम्स यांनी शास्त्रीय नियतकालिकात मांडली. इम्प्लांटच्याच छिद्रातून, खालून अस्तर उचलण्याची पद्धत समर्स यांनी १९९४ मध्ये मांडली. कोणत्या पद्धतीत कोणता त्रास होऊ शकतो हे वेगळं असतं. म्हणून तुमच्यावर कोणती पद्धत वापरली हे विचारून लिहून ठेवा.

२. माझ्या बहिणीला थेट इम्प्लांट बसवलं. मग मलाच हे का?

उरलेल्या हाडाच्या उंचीमुळे. साधारणपणे ८-१० मिमी हाड असेल तर लिफ्ट लागत नाही. ५ ते ८ मिमी असेल तर खालून उचलून त्याच बैठकीत इम्प्लांट बसवता येतं. ४ मिमीच्या आत असेल तर बहुधा खिडकीची पद्धत, आणि इम्प्लांट सहा ते नऊ महिन्यांनी. दाढ काढून किती वर्षं झाली आणि तुमचा सायनस मुळात केवढा आहे यावर हा आकडा ठरतो.

३. यात काय काय बिघडू शकतं ते एकदा सरळ सांगा.

ऑपरेशन चालू असताना सायनसचं अस्तर फाटू शकतं (प्रश्न ४) किंवा हाडातल्या रक्तवाहिनीतून रक्तस्राव होऊ शकतो. पुढच्या काही दिवसांत सूज, घोळणा फुटणं, टाके उसवणं, गाल बधिर होणं, चक्कर (प्रश्न ९) किंवा जंतुसंसर्ग होऊ शकतो. काही आठवडे-महिन्यांनंतर सायनसायटिस (सायनसला संसर्ग होऊन सूज) होणं, भरलेलं हाड न रुजणं, तोंड आणि सायनस यांच्यात भोक राहणं, क्वचित इम्प्लांटच सायनसमध्ये सरकणं, अशी यादी आहे.

यादी वाचून धडकी भरते हे मला माहीत आहे. पण लिफ्ट केलेल्या जागेतले नव्वद टक्क्यांहून जास्त इम्प्लांट पहिली काही वर्षं टिकलेले आढळतात, आणि यादीतल्या बहुतेक गोष्टी वेळेवर कळल्या तर निस्तरता येतात. वेळेवर कळणं हे डॉक्टरांइतकंच रुग्णावर अवलंबून आहे. दुसऱ्या दिवशी फोन करून "जरा वास येतोय" सांगणारा माणूस आणि "बघू आठवडाभर" म्हणणारा माणूस, या दोघांचे शेवट फार वेगळे होताना मी पाहिले आहेत.

४. "पडदा फाटला म्हणून मध्येच थांबवलं" असं डॉक्टर म्हणाले. पैसे तर घेतले. माझी फसवणूक झाली का?

सर्वात जास्त येणारा प्रश्न हाच, म्हणून उत्तर लांब आहे.

सायनसचं अस्तर अंड्याच्या कवचाआतल्या पापुद्र्यासारखं असतं. निरोगी माणसात त्याची जाडी बहुधा १ मिमीच्या आतच असते. खिडकीच्या पद्धतीत ते फाटणं ही सर्वात नेहमी दिसणारी गुंतागुंत आहे. अभ्यासांतले आकडे खूप वेगवेगळे आहेत, पण ढोबळमानाने पाचांपैकी एका शस्त्रक्रियेत असं होतं. म्हणजे अस्तर फाटलं एवढ्यावरून डॉक्टर निष्काळजी ठरत नाहीत.

फाटल्यावर काय केलं, हे मात्र नीट पाहावं. अगदी बारीक छेद असेल तर अस्तर वर उचलताना त्याची घडी पडून तो आपोआप मिटतो. ५ मिमीच्या आसपासच्या छेदावर कोलाजेनची पातळ चकती ठेवून काम पुढे नेता येतं. छेद १० मिमीहून मोठा असेल, किंवा अस्तर इतकं नाजूक असेल की हात लावला की आणखी फाटतं, तर पावडर भरणं धोक्याचं असतं. कण सायनसमध्ये सांडतात, त्यांना जंतू चिकटतात आणि नाकाकडे जाणारी वाट तुंबू शकते. अशा वेळी हात थांबवून, टाके घालून, दोन-तीन महिन्यांनी अस्तर भरून आल्यावर पुन्हा प्रयत्न करणं हा उत्तम निर्णय आहे. तेवढ्यात थांबायला अनुभव लागतो. खुर्चीत रुग्ण आहे, पावडरची बाटली उघडली आहे, नातेवाईक बाहेर वाट पाहत आहेत, तरीही "आज नाही" म्हणणाऱ्या डॉक्टरांबद्दल मला आदर वाटतो.

पैशांचं म्हणाल तर ते आधी बोलून ठेवायला हवं. संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी विचारा: अस्तर फाटून थांबावं लागलं तर आजचा खर्च किती, दुसऱ्या वेळेचा किती? हा प्रश्न विचारायला संकोच करू नका. आणि अस्तर फाटलं होतं, कुठे फाटलं, काय लावलं, हे डिस्चार्जच्या कागदावर लिहून घ्या. दुसऱ्या वेळी अस्तर उचलताना तिथे चिकटलेलं असतं, त्यामुळे पुढच्या डॉक्टरांना ही माहिती फार मोलाची ठरते.

५. अस्तर फाटू नये म्हणून आधी काही करता येतं का?

सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन. साधा ओपीजी (सगळ्या दातांचा एकत्र सपाट) एक्स-रे यासाठी पुरेसा नाही. स्कॅनमध्ये हाडाची उंची दिसते, अस्तर जाड झालंय का ते दिसतं, आणि बाजूच्या हाडातून जाणाऱ्या रक्तवाहिनीचा मार्गही बहुतेक वेळा कळतो. सायनसमध्ये कधीकधी हाडाचे आडवे-उभे पडदे असतात. अंडरवुड यांनी १९१० मध्ये त्यांचं वर्णन केलं म्हणून त्यांना अंडरवुडचे सेप्टा म्हणतात. असा पडदा असेल तिथे अस्तर फाटायची शक्यता वाढते, आणि खिडकी कुठे पाडायची हे बदलतं. हाड कापायला ध्वनिलहरींवर चालणारं पिझो यंत्र वापरलं तर मऊ भागाला इजा होण्याचा धोका कमी होतो. पण यंत्राहून हात महत्त्वाचा.

६. किती सूज, किती रक्त हे ठीक मानायचं?

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वात जास्त असते आणि मग उतरायला लागते. गाल निळसर-पिवळा पडून तो रंग मानेपर्यंतही ओघळू शकतो, वयस्कर लोकांत जास्त. दिसायला भयंकर, पण हळूहळू जातो. पहिले दोन-तीन दिवस त्या बाजूच्या नाकपुडीतून गुलाबी पाणी किंवा थोडं रक्त येणं अपेक्षित आहे. डोकं उंच ठेवून झोपा, पहिल्या दिवशी बाहेरून बर्फ लावा, गरम चहा टाळा आणि मऊ भात, पेज, मुगाची खिचडी खा.

फोन करायची वेळ कोणती? चौथ्या दिवसानंतर सूज उतरायच्या ऐवजी वाढली, ताप आला, तोंडात घाण चव किंवा पू आला, दाबून धरूनही रक्त थांबलं नाही. गालावर बोट दाबल्यावर त्वचेखाली करकर जाणवली तर तिथे हवा शिरली आहे. बहुतेकदा नाक शिंकरल्याने असं होतं. त्या दिवशीच दाखवा. डोळ्याभोवती सूज येऊन नजर अंधुक झाली किंवा एकाचे दोन दिसू लागले तर फोनमध्ये वेळ घालवू नका, थेट मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा.

७. नाकातून पांढरे रवाळ कण आले. सगळं वाहून गेलं का?

एखाद-दुसरा कण आला म्हणजे सगळं गेलं असं नाही. पण अस्तराला कुठेतरी छेद आहे असा त्याचा अर्थ बहुधा असतो. कण कागदात गुंडाळून ठेवा, नाक शिंकरू नका, आणि एक-दोन दिवसांत तपासून घ्या. कण रोज येत असतील किंवा सोबत वास असेल तर स्कॅन करावाच लागतो.

८. पाणी प्यायलं की नाकातून येतं. असं का?

तोंड आणि सायनस यांच्यात वाट उघडी राहिली आहे. लहान असेल तर नीट काळजी घेतल्यावर स्वतःहून मिटते. काही आठवडे टिकली तर तिच्या कडेने कातडी तयार होते आणि मग गालाची किंवा टाळूची त्वचा फिरवून शस्त्रक्रियेनेच बंद करावी लागते. सायनसमध्ये पू असेल तर आधी तो साफ करावा लागतो, नाहीतर बंद केलेली वाट पुन्हा उघडते. ही लक्षणं सुरू झालेल्या दिवशी डॉक्टरांना कळवा.

९. ऑपरेशननंतर कुशीवर वळलं की खोली फिरते. मेंदूला काही झालं का?

खालून अस्तर उचलण्याच्या पद्धतीत हातोडीने हलके ठोके देतात आणि मान मागे झुकलेली असते. त्या हादऱ्यांनी कधीकधी आतल्या कानातले बारीक चुनखडीचे कण जागेवरून हलतात. मग गादीवर वळताना, वर बघताना काही सेकंद जोरात गरगरतं आणि थांबतं. याला बीपीपीव्ही म्हणतात. कान-नाक-घसा तज्ज्ञ डोकं ठरावीक क्रमाने फिरवून ते कण जागेवर आणतात, त्याला एप्ली पद्धत म्हणतात. बहुतेकांना एक-दोन बैठकांत आराम पडतो. नुसत्या चक्करच्या गोळ्या महिनाभर खात बसू नका.

चक्कर सतत राहत असेल, बोलणं अडखळत असेल, हातपाय जड वाटत असतील तर हा तो आजार नव्हे. लगेच रुग्णालय गाठा.

१०. गाल आणि वरचा ओठ बधिर आहे.

डोळ्याखालून येणाऱ्या नसेवर ताण किंवा सूज आली की असं होतं. बहुधा काही आठवड्यांत संवेदना परत येतात. सोबत काळपट खपली, ताप किंवा साखर वाढलेली असेल तर प्रश्न १४ आत्ता वाचा.

११. मला पावसाळाभर सर्दी असते, सायनसचा जुना त्रास आहे. करावं का?

आधी कान-नाक-घसा तज्ज्ञ, मग इम्प्लांट. हा क्रम उलटा करू नये. सायनसचा निचरा होणारं तोंड त्याच्या आतल्या भिंतीवर, बरंच वरच्या बाजूला असतं. अस्तरावरचे सूक्ष्म केस कफ खालून वर ढकलत त्या तोंडापर्यंत नेतात. जुनाट सायनसायटिस किंवा पॉलिपमुळे (नाकात वाढलेल्या मऊ गाठींमुळे) ते तोंड आधीच अर्धवट बंद असेल, तर ऑपरेशननंतरच्या सुजेने पूर्ण बंद होतं आणि आत पू साठतो. उपचार घेऊन नाक मोकळं झालं की लिफ्ट करता येते. स्कॅनमध्ये दिसलेला लहान गोल सिस्ट दरवेळी अडथळा ठरत नाही. तो कुठे आहे आणि केवढा आहे ते पाहून दोन्ही डॉक्टरांनी मिळून ठरवावं.

ऑपरेशनच्या दिवशी साधी सर्दी असली तरी फोन करून तारीख पुढे ढकला. सुट्टी वाया जाते म्हणून लपवू नका.

१२. ऑपरेशननंतर शिंक आली तर? कपालभाती, जलनेती, पोहणं, बासरी कधी सुरू करू?

शिंक आली तर दाबू नका. तोंड उघडं ठेवून शिंका, म्हणजे दाब नाकातून सायनसमध्ये जात नाही. नाक शिंकरणं साधारण दोन आठवडे पूर्ण बंद. काही डॉक्टर चार आठवडे सांगतात, तुमच्या डॉक्टरांचं ऐका. आलेलं पाणी हलकेच टिपून घ्या. नळीने पिणंही टाळा.

पुण्यात सकाळी बागेत योगासनं करणारे पुष्कळ, म्हणून हे मुद्दाम लिहितो: कपालभाती आणि भस्त्रिका यांत नाकातून जोराने हवा जाते, त्या टाके भरेपर्यंत नकोत. जलनेती तर डॉक्टरांनी स्पष्ट परवानगी दिल्याशिवाय नकोच. शांत अनुलोम-विलोम सहसा चालतो, पण श्वास रोखून धरू नका. बासरी, सनई, शंख ही वाद्यं, फुगे फुगवणं आणि जलतरण तलावात उडी मारणं, हे सगळं त्याच नियमात येतं. तपकीर ओढणाऱ्यांनी ती आता कायमची सोडलेली बरी.

झोपेत श्वास अडकतो म्हणून कुणी सीपॅप यंत्र लावत असेल तर ते ऑपरेशनच्या आधी सांगा. मास्कमधून येणारा दाब थेट नाकात जातो. पण ते यंत्र स्वतःच्या मनाने बंद करणंही धोक्याचं आहे, म्हणून फुप्फुसाच्या डॉक्टरांशी बोलून पर्याय ठरवावा लागतो.

१३. लोहगावहून विमान आहे, आणि पुढच्या रविवारी सिंहगडचा बेत.

विमानाच्या केबिनमधला दाब साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवरच्या दाबाइतका असतो. नाक बंद असेल तर चढताना-उतरताना सायनसवर ताण येतो. बहुतेक शल्यचिकित्सक दोन आठवडे विमान टाळायला सांगतात. पुणे साधारण ५६० मीटरवर आणि सिंहगड सुमारे १३०० मीटरवर, त्यामुळे गाडीने वर जाण्यात दाबाचा फरक तेवढा नसतो. पण पायी चढाईने रक्तदाब वाढून रक्त सुरू होऊ शकतं. दोन आठवडे गड पायथ्यावरूनच बघा.

१४. मधुमेह आहे. २०२१ मधल्या काळ्या बुरशीची भीती वाटते.

त्या वर्षी पुण्यातली कितीतरी घरं या आजाराने होरपळली, त्यामुळे भीती समजते. म्युकरमायकोसिस, म्हणजे ही काळी बुरशी, सायनस लिफ्टमुळे होत नाही. ही बुरशी हवेत असतेच. रक्तातली साखर हाताबाहेर असेल, स्टिरॉइड चालू असतील किंवा प्रतिकारशक्ती ढासळलेली असेल तेव्हा ती शरीरात शिरकाव करते.

म्हणून साखर आटोक्यात आल्याशिवाय ही शस्त्रक्रिया करू नये. एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेची तपासणी) ८ च्या वर असेल तर मी थांबायला सांगतो. दाढ काही महिने उशिरा आली तर काही बिघडत नाही. ऑपरेशननंतर एका बाजूचा चेहरा दुखून बधिर होणं, नाकातून काळपट स्राव, टाळूवर काळा डाग, शेजारचे चांगले दात हलणं, पापणी पडणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी कान-नाक-घसा विभाग गाठा. या आजारात अॅम्फोटेरिसिन-बी हे बुरशीविरोधी औषध आणि शस्त्रक्रिया हे उपचार असतात, आणि त्यात एक-एक दिवस मोजावा लागतो.

१५. रक्त पातळ करणारी गोळी बंद करू का? आणि आईला हाडांच्या ठिसूळपणाचं वर्षातून एकदा इंजेक्शन असतं.

गोळी स्वतःच्या मनाने कधीच बंद करू नका. हृदयात स्टेंट असलेल्या माणसाने ती परस्पर थांबवली तर जिवावर बेतू शकतं. हृदयविकारतज्ज्ञांची चिठ्ठी घेऊन या.

वर्षातून एकदा मिळणारं इंजेक्शन बहुधा झोलेड्रॉनिक अॅसिडचं असतं. या गटातल्या औषधांनी जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो. ठिसूळपणासाठीच्या मात्रेत तो कमी, कर्करोगाच्या उपचारातल्या मोठ्या मात्रेत बराच जास्त. दुसऱ्या प्रकारात ही शस्त्रक्रिया टाळावी असं माझं स्पष्ट मत आहे. डेनोसुमॅब हे हाडांसाठीचं दुसरं इंजेक्शन चालू असेल तर तेही आधी सांगा.

१६. मिश्री लावतो, सिगारेट नाही. चालेल ना?

मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, आणि ती बोटाने नेमकी जखमेवर घासली जाते. सिगारेटने अस्तरावरचे केस मंदावतात आणि जखमेचा रक्तपुरवठा घटतो. दोन्ही बंद, ऑपरेशनच्या आधीपासून आणि हाड रुजेपर्यंत.

१७. हाडाची पावडर गाईची असते का? आम्ही शाकाहारी आहोत.

हा प्रश्न लोक अगदी शेवटी, दबक्या आवाजात विचारतात. तो पहिल्या भेटीतच विचारावा. बाजारातली बरीच पावडर गाई-बैलांच्या हाडापासून, सेंद्रिय भाग पूर्ण काढून बनवलेली असते. कोलाजेनच्या चकत्या गाईच्या किंवा डुकराच्या ऊतीपासून बनतात. हिंदू, जैन, मुस्लिम, कुणालाही यातलं काही नको असू शकतं, आणि ते सांगण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे.

पर्याय आहेत: कॅल्शियम फॉस्फेटचे कृत्रिम कण, स्वतःच्या जबड्यातून घेतलेलं हाड, मानवी दात्याचं प्रक्रिया केलेलं हाड, आणि स्वतःच्या रक्तापासून बनवलेलं पीआरएफ. कृत्रिम कणांनी हाड बनतं, फक्त काहींचं विरघळण्याचं प्रमाण वेगळं असतं. इथे एक अडचण आधीच लक्षात घ्या: अस्तर मध्येच फाटलं तर ऐनवेळी कोलाजेनची चकती लागते (प्रश्न ४). ती नको असेल तर पीआरएफचा पडदा वापरायचा की काम थांबवायचं, हे आधी लिहून ठरवा. गुंगीत असताना तुम्हाला विचारता येणार नाही.

१८. इम्प्लांट सायनसमध्ये गेलं म्हणतात. राहू दिलं तर?

राहू देऊ नका. त्रास नसला तरी ती परकी वस्तू आहे, सरकत राहते आणि सायनसायटिस घडवते. नाकातून दुर्बीण घालून किंवा बाजूच्या हाडातून ती काढता येते. असं बहुधा हाड फारच कमी असताना घाईने इम्प्लांट बसवल्यावर होतं.

१९. वर्ष झालं, इम्प्लांट घट्ट आहे, पण एकाच नाकपुडीतून घाण वास येतो.

दोन्ही बाजूंना नसून एकाच बाजूला वास, जड गाल आणि घशात उतरणारा कफ असेल तर मूळ दातांकडे असण्याची शक्यता मोठी. घरोघरी वाफारे आणि मेडिकलमधून आणलेल्या प्रतिजैविकांच्या फेऱ्या होतात, तात्पुरतं बरं वाटतं, पुन्हा सुरू होतं. चोंदलेलं नाक मोकळं करणारे औषधी थेंबही आठवड्यापेक्षा जास्त चालू ठेवले तर नाक उलट जास्त चोंदतं. सीबीसीटी करा आणि दंतशल्यचिकित्सक व कान-नाक-घसा तज्ज्ञ दोघांनाही तो दाखवा. भरलेली पावडर सडली असेल तर ती काढल्याशिवाय औषधं पुरी पडत नाहीत.

२०. हे सगळं टाळून दुसरं काही करता येतं का?

हो. ६ मिमीच्या आसपासची आखूड इम्प्लांट, सायनस चुकवून तिरकी बसवलेली इम्प्लांट, गालाच्या हाडात जाणारी झायगोमॅटिक इम्प्लांट, साधा ब्रिज, काढता येणारी कवळी. शेवटची दाढ नसतानाही अनेक लोक व्यवस्थित जेवतात. सत्तरीच्या, औषधांच्या पिशवीसह येणाऱ्या आजोबांना मी कित्येकदा लिफ्ट करू नका असंच सांगतो.

२१. दुसरं मत पुण्यात कुठे घ्यावं? कागद कोणते मागू?

भारती विद्यापीठ, पिंपरीचं डी. वाय. पाटील, आझम कॅम्पसमधलं रंगूनवाला ही शिकवणारी दंत महाविद्यालयं आहेत. नाकाच्या तक्रारीसाठी ससूनचा कान-नाक-घसा विभाग आहे. सोबत न्या: ऑपरेशनच्या आधीचा आणि नंतरचा सीबीसीटी सीडी किंवा पेनड्राइव्हवर, कोणती पावडर आणि किती वापरली, इम्प्लांटच्या डबीवरचं स्टिकर, औषधांची यादी. रिपोर्टचा फोटो पुरत नाही, पूर्ण स्कॅन लागतो. हे कागद मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं नव्हे, ते तुमचेच आहेत.

२२. उजवी बाजू बिघडली. डावी करून घेऊ का?

उजवी का बिघडली हे कळेपर्यंत थांबा. कारण साखर, तंबाखू किंवा तुंबलेलं नाक असेल तर ते डावीकडेही तसंच असणार. कारण फक्त त्या बाजूचा हाडाचा पडदा किंवा फाटलेलं अस्तर असेल, आणि डावीकडचा स्कॅन स्वच्छ असेल, तर डावी बाजू करायला हरकत नाही. दोन्ही बाजू एकाच दिवशी मात्र नकोत.